कांती, कमतरता आणि कॅप्सूल
त्वचेसाठी घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

या वेळच्या सदरासाठी आलेली बहुतेक पत्रे ‘चेहरा तजेलदार दिसण्यासाठी कोणती गोळी घ्यावी’ एवढेच विचारणारी होती. शरीरात नेमके काय कमी आहे, हे तपासून पाहिल्याचा उल्लेख मात्र फार थोड्या पत्रांत आढळला. त्वचेला जीवनसत्त्वे लागतात, यात शंका नाही आणि त्यांची उणीव त्वचेवर स्पष्ट दिसते, हेही खरे आहे. परंतु उणीव नसताना तेच जीवनसत्त्व दुप्पट किंवा शंभरपट घेतल्याने त्वचा दुप्पट चांगली होत नाही, आणि काही वेळा त्यातून नवे दुखणे मागे लागते. पुढील पत्रे ही बाजू स्पष्ट करणारी असल्याने निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. बाळंतपणानंतर केस गळू लागले आणि चेहरा निस्तेज दिसू लागला, म्हणून केस, त्वचा आणि नखे यांसाठी मिळणारी बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी मी काही महिने रोज घेत आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) फार कमी आणि टी-३, टी-४ (थायरॉइडची स्वतःची संप्रेरके) जास्त आले. थायरॉइडचे काम वाढले आहे, औषध सुरू करू, असे मला सांगण्यात आले. पण छातीत धडधड, वजन घटणे, हात थरथरणे असा कोणताही त्रास मला नाही. याचा गोळ्यांशी संबंध असू शकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : असू शकेल, आणि म्हणूनच औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वी ही तपासणी पुन्हा करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. थायरॉइडच्या तपासणीच्या अनेक प्रचलित पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे प्रथिन यांच्यातील घट्ट बंधाचा उपयोग केलेला असतो. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असला, तर ते या बंधात मध्येच शिरते आणि यंत्र चुकीचा आकडा दाखवते. तपासणीच्या रचनेमुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसतात, म्हणजे अतिसक्रिय थायरॉइडचे हुबेहूब चित्र कागदावर उमटते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिन तपासणी काही पद्धतींत याच कारणाने खोटी कमी येऊ शकते, आणि ही बाब अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूचाही त्यात उल्लेख होता.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. आपण घेत असलेल्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत ते १०,००० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या अडीचशे पटींहून अधिक. शेंगदाणे, डाळी, अंडी अशा रोजच्या जेवणातून हे जीवनसत्त्व सहज मिळते. त्याची खरी कमतरता फार क्वचित दिसते. फिट्सवरची काही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत, किंवा कच्च्या अंड्याचा पांढरा भाग नियमित खाणाऱ्यांत ती आढळू शकते. कमतरता नसलेल्या माणसाचे केस बायोटिनने दाट होतात, याला भक्कम पुरावा नाही.

आपण ही गोळी बंद करावी, निदान तीन दिवस आणि शक्य असल्यास आठवडाभर थांबून पुन्हा रक्त द्यावे, आणि पूर्वी बायोटिन घेत होतो हे प्रयोगशाळेला व डॉक्टरांना दोघांनाही सांगावे. येथे एक गोष्ट विसरू नये. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइडला खरोखरची सूज येऊन टीएसएच काही काळ कमी होऊ शकते, त्यामुळे दुसऱ्या तपासणीतही आकडे तसेच आले, तर गोळीला दोष देऊन स्वस्थ बसू नका. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी सुरू होणारी केसगळती बहुधा वर्षभरात आपोआप थांबते. ती रेंगाळली, तर हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे. आपल्याकडील स्त्रियांच्या केसगळतीमागे लोहाची कमतरता मला बायोटिनच्या कमतरतेपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडते. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा विद्यार्थी असून जन्मापासून शाकाहारी आहे. वर्षभरापासून हातांच्या बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळी पडत चालली आहे. लिंबू चोळून पाहिले, उजळवणारे क्रीम लावून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मित्र क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या घे म्हणतात. हल्ली रात्री पायांना मुंग्याही येतात. पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या पत्रातले हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही हात पालथे धरून पाहा. काळेपणा बोटांच्या मागच्या बाजूला, विशेषतः नखांच्या अलीकडच्या सांध्यांवर अधिक आहे का? मग हात उलटे करा आणि तळहाताच्या रेषा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद झाल्या आहेत का ते पाहा. आरशात जीभ पाहा: ती नेहमीची खरखरीत न दिसता लाल, गुळगुळीत दिसते का, आणि तिखट खाल्ल्यावर चुरचुरते का? ही सारी चिन्हे एकत्र दिसली, तर ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे माझे पहिले अनुमान असते. त्वचेचा असा काळेपणा ब-१२ च्या अभावाचे लक्षण असतो, हे वेल्लोर येथील डॉ. बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच मांडले होते. आपल्याकडे ही कमतरता किती सर्रास आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून पुढे आले आहे. तरीही हात दाखवायला आलेल्या तरुणाला आधी क्रीमच दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण त्वचा थांबू शकते, मज्जातंतू थांबत नाहीत. पायांना येणाऱ्या मुंग्या ही मज्जातंतूंना इजा होत असल्याची खूण असू शकते, आणि उपचार लांबले तर त्यातली काही इजा कायमची राहते.

ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. दूध आणि दही यांतून थोडे मिळते, तेही पुरेशा प्रमाणात घेतले तरच. आंबवलेल्या इडलीतून किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून ही गरज भागते, असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. स्पिरुलिनातील पदार्थ बराचसा ब-१२ सारखा दिसणारा, परंतु आपल्या शरीराला निरुपयोगी असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांतही ही पातळी खाली जाते, मग ते मांसाहारी असले तरीही.

या आठवड्यातच रक्तातील ब-१२ आणि रक्तपेशींची संपूर्ण तपासणी करून फिजिशियनना भेटावे. कमतरता निघाल्यास आपल्या बाबतीत, मुंग्या येत असल्याने, सुरुवात इंजेक्शनने होण्याची शक्यता अधिक आहे. तपासणीपूर्वी केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. त्यांनी ॲनिमिया सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची इजा मात्र आतल्या आत चालू राहते. उपचारानंतर हातांचा काळेपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत निवळतो, त्यासाठी वेगळे क्रीम लागत नाही. ब-१२ चे मोठे डोस सुरू झाल्यावर काही जणांच्या चेहऱ्यावर मुरुमांसारखे पुरळ येते. तसे झाले तर घाबरून इंजेक्शने सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ब-१२ ची पातळी चांगली निघाली, तर काळेपणाची इतर कारणे, उदाहरणार्थ अधिवृक्क ग्रंथींचा आजार, शोधावी लागतील. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. ते हवे असेल, तर पेरू खावा; त्यात ते संत्र्याहून कितीतरी जास्त असते.

प्रश्न : ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून रात्री चेहऱ्याला लावली, तर मुरुमांचे डाग जातात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जात नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणांवर ई जीवनसत्त्व लावून पाहिलेला एक छोटा अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकांच्या व्रणांत काही फरक पडला नाही किंवा ते अधिक वाईट दिसू लागले, आणि सुमारे एक-तृतीयांश लोकांना त्या जागी ॲलर्जीचे पुरळ उठले. शिवाय पोटात घेण्यासाठी बनवलेले हे दाट तेल मुरुमे येणाऱ्या त्वचेची छिद्रे बुजवते. कॅप्सूल गिळण्याचाही विचार असेल आणि घरात कोणी रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर त्यांना ती मुळीच देऊ नये. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट पांढरे चट्टे उठले आहेत. सासूबाई म्हणतात जंत झालेत, शेजारी म्हणतात कॅल्शियम कमी आहे. कॅल्शियमचे टॉनिक सुरू केले, पण चट्टे तसेच आहेत. हे कोड तर नसेल ना?
— एक आई, लातूर

उत्तर : वर्णनावरून हे कोड वाटत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो आणि त्याची कडा स्पष्ट दिसते. आपण लिहिता तसे फिकट, कडा अस्पष्ट असलेले, हात फिरवल्यास किंचित कोरडे लागणारे चट्टे शाळकरी मुलांत फार सर्रास दिसतात. हा सौम्य इसबाचा प्रकार आहे. उन्हात खेळून आजूबाजूची त्वचा रापते, तेव्हा हे चट्टे अधिक उठून दिसतात, म्हणून ते उन्हाळ्यात ‘वाढल्यासारखे’ वाटतात. त्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही आणि जंतांशीही नाही. शाळेतून मिळणारी जंताची गोळी मुलाला जरूर द्यावी, पण ती पोटासाठी. गालांना सौम्य साबण वापरावा, अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली दिवसातून दोनदा लावावी, आणि काही महिने धीर धरावा. चट्टा पूर्ण बरा व्हायला कधी वर्षही लागते.

एक तपासणी मात्र घरीच करून पाहा. मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करा आणि कोठे स्पर्श झाला ते बोट ठेवून दाखवायला सांगा. स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शक्यता तपासण्यासाठी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे निदान आणि उपचार मोफत होतात, आणि वेळीच औषध घेतल्यास हा आजार पूर्ण बरा होतो.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सुरकुत्यांसाठी कोलॅजेनची पावडर घ्यावी, असे सगळीकडे वाचायला मिळते. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. शाकाहारी कोलॅजेन घेतले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातले प्रथिन आहे. बाजारातली पावडर माशांची कातडी व खवले किंवा जनावरांची कातडी व हाडे यांपासून तयार होते. म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे आधी पाहावे. ज्यावर हिरवा ठिपका असतो आणि मोठ्या अक्षरांत कोलॅजेनचे नाव असते, त्या डब्याच्या मागचे बारीक अक्षर वाचा: आत बहुधा क जीवनसत्त्व, जस्त, काही अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात, कोलॅजेन नसते. शरीर स्वतःचे कोलॅजेन तयार करते, तेव्हा त्याला क जीवनसत्त्व लागते, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. त्याच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या आजारात हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमाही उकलतात. पण आवळा, पेरू, कोथिंबीर, लिंबू खाणाऱ्या घरात त्यासाठी महागडा डबा आणण्याचे कारण नाही.

खऱ्या कोलॅजेनविषयी सांगायचे, तर ते पोटात गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणेच पचते आणि त्याचे तुकडे रक्तात जातात. ते नेमके आपल्या गालांच्या त्वचेतच जाऊन बसावेत, अशी कोणतीही व्यवस्था शरीरात नाही. त्वचेचा ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारल्याचे दाखवणाऱ्या चाचण्या आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र २०२५ मध्ये अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि कंपन्यांकडून पैसे न घेता झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर त्यांत लक्षणीय फायदा दिसला नाही. सुरकुत्यांचे सर्वांत मोठे टाळता येण्यासारखे कारण ऊन आहे, त्यानंतर तंबाखू. पावडरीवर महिन्याला खर्च होणारी रक्कम चांगल्या सनस्क्रीनवर खर्च केली, तर ती निश्चित सत्कारणी लागेल.

प्रश्न : मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले आहे. तिचा रंग सावळा आहे. एका पार्लरमध्ये ग्लुटाथायोनचे सलाइन आठवड्यातून एकदा दिल्यास रंग उजळतो, सोबत क जीवनसत्त्वही देऊ, असे सांगितले. ते नैसर्गिकच असते, अपाय होत नाही, असेही म्हणाले. देऊ का?
— एक आई, ठाणे

उत्तर : देऊ नका. ग्लुटाथायोन शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होते, हे खरे आहे. पण शरीरात तयार होणारी वस्तू मोठ्या मात्रेत शिरेतून देणे ही निराळी गोष्ट आहे. त्वचा उजळवण्यासाठी या इंजेक्शनला आपल्या देशात मान्यता नाही. फिलिपाइन्समध्ये याचा वापर फार बोकाळला, तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्येच लोकांना सावध केले होते: त्वचेवर येणारे जीवघेणे पुरळ, मूत्रपिंडांना इजा आणि थायरॉइडच्या कामात बिघाड अशा धोक्यांची नोंद त्यात होती. सोबतच्या क जीवनसत्त्वाची मात्राही निरुपद्रवी नसते. ज्यांच्यात जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांना ते शिरेतून मोठ्या प्रमाणात दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात, आणि ही कमतरता आपल्यात आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसते. पार्लरमध्ये ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली, तर तिथे ती सावरणारे कोण असते, याचाही विचार करावा. याच द्रव्याच्या गोळ्या बऱ्याचशा आतड्यातच पचून जातात. आणि उजळपणा आला, तरी तो टिकत नाही.

आपल्या मुलीच्या त्वचेचा रंग हा आजार नाही, आणि त्यावर उपचार करण्याची गरज आहे असे तिला लग्नाच्या तोंडावर आपल्याच घरातून ऐकावे लागू नये, असे मला डॉक्टर म्हणून नव्हे तर वडीलधाऱ्या माणसाच्या नात्याने वाटते. तीन महिने हातात आहेत, ही चांगली गोष्ट आहे. तिचे हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी चेहऱ्यावरचा फिकटपणा आणि थकवा खरोखर कमी होतो. मुरुमे किंवा वांग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आत्ताच दाखवा, शेवटच्या पंधरवड्यात नव्हे. घरात झटपट उजळवणारे एखादे क्रीम येऊन पडले असेल, तर त्यावर नाव वाचा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असल्यास ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत, पण ती सर्रास मिळतात. ती लावल्यावर चेहरा आठवडाभर गुळगुळीत दिसतो आणि नंतर लाली, केस आणि मुरुमे उगवतात. लग्नाआधीच्या दोन आठवड्यांत कोणतेही नवे प्रसाधन पहिल्यांदा वापरून पाहू नये.

प्रश्न : मुरुमांसाठी औषधाच्या दुकानातून अ जीवनसत्त्वाच्या २५,००० युनिटच्या कॅप्सूल आणल्या आहेत. वय २८, नुकतेच लग्न झाले आहे. किती दिवस घ्याव्यात?
— एक वाचक, पणजी

उत्तर : आजच बंद कराव्यात. हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहते. स्त्रीला रोज लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे नऊ पट मात्रा या एका कॅप्सूलमध्ये आहे. साठा वाढला की त्वचा कोरडी पडते, ओठ फुटतात, केस गळतात, म्हणजे ज्यासाठी घ्यावे त्याच्या उलट होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गर्भधारणेच्या सुरुवातीला रोज १०,००० युनिटांहून अधिक अ जीवनसत्त्व पोटात गेल्यास बाळात जन्मजात व्यंगे होण्याचा धोका वाढतो. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे त्याच कुळातले औषध आहे. ते घेताना आणि थांबवल्यानंतर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. मूल होण्याचा विचार असेल, तर डॉक्टरांना ते प्रथम सांगा. पपई, गाजर, शेवग्याचा पाला खाण्याला काही हरकत नाही. भाज्यांतल्या कॅरोटिनने असा अपाय होत नाही, फार तर तळहात पिवळसर दिसू लागतात.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून शेतमजुरी करतात. गेली काही वर्षे दारूचे प्रमाण वाढले आहे आणि जेवण नीट होत नाही. दोन महिन्यांपासून त्यांच्या मानेभोवती, हातांच्या मागच्या बाजूला आणि पावलांवर काळे, भेगाळलेले, खपल्या निघणारे चट्टे आले आहेत. उन्हाने झाले म्हणून मलम लावतो. जुलाबही होतात आणि ते अलीकडे विसरतात, चिडचिड करतात. एखादी जीवनसत्त्वाची गोळी देऊन पाहावी का?
— एक वाचक, बीड

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत जीवनसत्त्वाची सर्वांत तातडीची गरज याच पत्रात दिसते. उघड्या त्वचेवर दोन्ही बाजूंना सारखेच उठलेले काळे चट्टे, मानेभोवतीचा पट्टा, जुलाब आणि बुद्धीचा गोंधळ ही पेलाग्राची चिन्हे आहेत. नायसिन या ब-३ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हा आजार उपचाराविना जीवघेणा ठरतो. हे चट्टे उन्हामुळे उठतात हे खरे आहे, पण जीवनसत्त्व संपलेले असते म्हणूनच त्वचेला ऊन सोसत नाही; मलमाने ते बरे होणार नाहीत.

दख्खनच्या पठारावर हा आजार एके काळी ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत वारंवार दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाशी त्याचा संबंध मांडला. यावरून कोणी भाकरी सोडू नये. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी किंवा मांसमासे असतील तर धोका नाही. आज हा आजार मला बहुतांशी दारूमुळे अन्न तुटलेल्या माणसांतच दिसतो. वडील क्षयरोगाची औषधे घेत असतील, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांतल्या आयसोनायझिड या औषधामुळेही पेलाग्रा होऊ शकतो.

त्यांना उद्याच ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या आणि हे सर्व वर्णन, विशेषतः जुलाब आणि विसराळूपणा, डॉक्टरांना सांगा. तेथे निकोटिनामाइड आणि इतर ब जीवनसत्त्वे दिली जातील. जिभेची जळजळ, जुलाब आणि गोंधळलेपण काही दिवसांतच कमी होऊ लागते, त्वचा भरून यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्यांना उन्हात कामाला जाऊ देऊ नये आणि अंगभर कपडे घालायला द्यावेत. दारू मात्र घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. रोज पिणाऱ्या माणसाला त्यामुळे फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी, आणि ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिनचे (ब-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन द्यायचे का, हे तेथील डॉक्टरांना आठवणीने विचारावे.